रोमन प्रांत, त्यांचे नंतरचे मालक आणि कराचं दप्तर

बखरबाज (धागाकर्ता):

मंडळी, शेजारच्या धाग्यावर "रोम ४७६ साली पडलं की नाही" यावरून जे रणकंदन चाललंय ते वाचून डोकं भणभणलं, म्हणून हा वेगळा धागा. तिथे सगळे राजधानीवरच अडकून बसलेत, ओडोएसर या सेनापतीने कुणाला हाकललं, राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला परत का पाठवली वगैरे. अरे पण साम्राज्य म्हणजे प्रांत ना? मग प्रांतांचं काय झालं ते बघा की. आणि तेही राजाराणी सोडून दोनच गोष्टी बघा. कराचं दप्तर कुणाच्या हातात गेलं, आणि तिथलं धान्य-तेल-पैसा कुठल्या दिशेला जायला लागला. माझं स्पष्ट मत असं की पश्चिमेचं साम्राज्य रणांगणावर मेलं त्यापेक्षा जास्त या हिशोबात मेलं.

सगळे प्रांत घेतले तर वर्ष जाईल, म्हणून मी आफ्रिका घेतो. आफ्रिका म्हणजे अख्खा खंड नव्हे हां, आजचा ट्युनिशिया आणि अल्जीरियाचा पूर्वेकडचा पट्टा. इ.स.पू. १४६ ला रोमनांनी कार्थेज बेचिराख करून तिथे प्रांत केला, पुढे त्याच जागी नवं शहर वसवलं, आणि चौथ्या शतकापर्यंत पश्चिमेकडचा सगळ्यात धनवान मुलूख हाच. गहू, ऑलिव्हचं तेल, आणि ती लाल चकचकीत मातीची भांडी जी भूमध्य समुद्राच्या कुठल्याही काठावर खणलं तरी सापडतात. कॉन्स्टँटिनोपल उभं राहिल्यावर इजिप्तचा गहू तिकडे वळला, म्हणजे रोम शहराच्या पोटाची सगळी भिस्त आफ्रिकेवर.

आता इथे कोण आलं तर व्हँडल. हे लोक ४०६ च्या अखेरीस ऱ्हाईन नदी ओलांडून गॉलमध्ये (आजचा फ्रान्स) घुसले, ४०९ ला स्पेनमध्ये, तिथे वीसेक वर्षं काढली आणि ४२९ मध्ये गायसेरिक नावाच्या राजाच्या मागे अख्खी जमात बायकापोरांसकट जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे. व्हिक्टर ऑफ विटा नावाचा बिशप आकडा देतो ८०,०००, त्यात म्हातारे, पोरं, गुलाम सगळे धरून. ४३० मध्ये हिप्पो शहराला वेढा पडलेला असतानाच आत संत ऑगस्टीन वारले. ४३५ ला तह झाला आणि ४३९ च्या १९ ऑक्टोबरला, तह चालू असताना, गायसेरिकने कार्थेज घेतलं. लढाई अशी झालीच नाही, शहर गाफील होतं.

आणि मग रोमकडे काय झालं ते बघा. ४४४-४४५ च्या सुमाराला सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनचा एक कायदा आहे, प्रत्येक खरेदीविक्रीवर चोविसावा हिस्सा कर, अर्धा विकणाऱ्याने द्यायचा अर्धा घेणाऱ्याने. कारण काय दिलंय तर शेतकऱ्यांकडून जे येतं त्यात नवीन सैन्य सोडाच, आहे त्या जुन्या सैन्याचंही अन्नवस्त्र भागत नाही. म्हणजे सम्राट स्वतः कायद्यात लिहून देतोय की गल्ल्यात खडखडाट आहे! हे ४७६ च्या तीस वर्षं आधी. पुढचं सगळं मग घरंगळत जाणं.

बाकी प्रांतांवर लिहिणाऱ्यांनी जरूर लिहा. फक्त "रानटी टोळ्या आल्या आणि अंधार पडला" एवढंच लिहायचं असेल तर कृपा करा.

शेवंती:

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक शंका, कार्थेज पडल्यावर तिथल्या साध्या माणसाचं काय झालं? म्हणजे शेती करणारा, तेल काढणारा. त्याला कळलं तरी का राज्य बदललंय?

बखरबाज:

शेवंतीताई, नेमका मुद्दा काढलात. याला उत्तर म्हणून एक भारी पुरावा आहे. १९२८ साली अल्जीरिया-ट्युनिशियाच्या सीमेवर, तेबेसाच्या दक्षिणेला वैराण भागात लाकडी पाट्या सापडल्या, ४५ पाट्या, शाईने लॅटिनमध्ये लिहिलेल्या. आल्बेर्तिनी पाट्या म्हणतात त्यांना. काळ ४९३ ते ४९६, म्हणजे व्हँडल येऊन दोन पिढ्या उलटून गेल्यावरचा. यात आहे काय तर बहुतेक सगळी जमिनीची खरेदीखतं. अमुक तुकडा, त्यात ऑलिव्हची एवढी झाडं, अंजिराचं एखादं, शेजारी कोण, पाणी कुठून येतं, किंमत पोचली. एका पाटीत जेमिनिया यानुआरिला नावाच्या मुलीच्या हुंड्याची यादी आहे, एकात सहा वर्षांच्या गुलाम पोराची विक्री आहे (हे वाचून पोटात कालवतं, पण तेव्हाच्या लेखी तोही साधा व्यवहारच).

आता गंमत बघा. तारीख कुठली घातलीय? "राजा गुंथामुंडच्या अमुक वर्षी", व्हँडल राजाची. पण जमीन कसण्याचा हक्क कुठल्या कायद्याखाली? मान्सियन कायद्याखाली, आणि हा तोच कायदा जो ट्राजन सम्राटाच्या काळातल्या शिलालेखात सापडतो, म्हणजे पावणेचारशे वर्षं जुना. आणि ज्याच्या मालकीची ती जहागीर आहे तो कातुलिनुस नावाचा गृहस्थ स्वतःला अजून "कायमचा पुरोहित" म्हणवतो, ही सम्राटपूजेच्या काळातली पदवी! सम्राट नाही, पूजा नाही, सगळे ख्रिश्चन झालेत, पदवी मात्र चालूच. तर वरच्या ओळीत राजाचं नाव बदललं आणि खालचा मजकूर तसाच राहिला, असं झालं त्या भागात.

टांगेवाला:

हे सगळं ठीक आहे पण जरा जास्तच गुलाबी रंगवताय असं नाही वाटत? ४५५ ला याच गायसेरिकने रोम चौदा दिवस लुटलं, देवळाचं अर्धं छप्पर सुद्धा काढून नेलं, सम्राटाच्या विधवेला आणि दोन पोरींना उचलून कार्थेजला नेलं. आणि तुमचा व्हिक्टर ऑफ विटा काय पाट्या मोजत नव्हता, तो कॅथलिकांचा छळ लिहून ठेवत होता. तुमच्यासारखे लोक हल्ली "सगळं शांततेत झालं" असं म्हणायला लागलेत, ही पण एक फॅशनच.

नकाशेवाला:

टांगेवाल्यांना +१. जमिनीचं पण सांगा की. कार्थेजच्या आसपासची उत्तम जमीन रोमन मालकांकडून काढून घेऊन व्हँडलांना वाटली, तीही करमाफ. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. आणि जी नापीक म्हणून मूळ मालकांकडे सोडली तिच्यावर एवढा कर लावला की हातात काही उरेना.

बखरबाज:

टांगेवाले, शांततेत झालं असं मी कुठे म्हटलं? जमीन गेली ती गेलीच, कित्येक घराणी इटलीला आणि पूर्वेला पळाली. छळही खरा, विशेषतः गायसेरिकचा मुलगा हुनेरिक याच्या वेळचा. व्हँडल ख्रिश्चनच होते पण एरियस नावाच्या पाद्रीच्या मताचे, कॅथलिकांच्या लेखी पाखंडी. हुनेरिकने ४८४ मध्ये फर्मान काढलं, कॅथलिकांची चर्चं बंद, बिशप हद्दपार. पण ते फर्मान वाचलं ना तर कळतं की त्याने स्वतःच्या मनचं काही लिहिलेलंच नाही, रोमन सम्राटांनी पाखंड्यांविरुद्ध जे कायदे केले होते तेच उचलून फक्त उलटे फिरवलेत. दंड तेच, शब्द तेच. म्हणजे छळ करायला सुद्धा रोमन कायद्याची वही उघडली पठ्ठ्याने.

आणि ४५५ च्या त्या दोन मुलींपैकी युडोशियाचं लग्न याच हुनेरिकशी झालं, त्यांचा मुलगा हिल्डेरिक पुढे ५२३ मध्ये राजा झाला. म्हणजे कार्थेजच्या व्हँडल गादीवर व्हॅलेंटिनियनचा सख्खा नातू. आता बोला, कोण रोमन आणि कोण रानटी.

थेम्सकाठची:

रोमन कोण रानटी कोण यावरून आठवलं, इथे ब्रिटिश म्युझियममध्ये कार्थेजजवळून आणलेला एक मोझेक आहे, पाचव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात असा काळ देतात. घोडेस्वार आहे, अंगात डगला, खाली विजार, एक हात वर केलेला आणि मागे वाड्यासारखी इमारत. वर्षानुवर्षं लोक त्याला "व्हँडल सरदार" म्हणत आलेत कारण विजार घातलीय. पण त्या काळात शिकारीला जाणारे रोमन जमीनदारही तसलेच कपडे घालत होते, त्यामुळे तो व्हँडल की आफ्रिकी रोमन हे ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. मी तर म्हणेन मोझेक करवून घेणाऱ्याला हा प्रश्न पडलाही नसेल, त्याला घोडा झकास दिसायला हवा होता एवढंच.

बाय द वे, इटलीतला गॉथ राजा थिओडोरिक याच्या नावावर एक वाक्य आहे, गरीब रोमन गॉथांची नक्कल करतो आणि पैसेवाला गॉथ रोमनांची. अगदी तेच.

चहाबिस्किट:

व्हँडल आणि अंघोळ यावर कुणी लिहिलं नाही अजून? प्रोकोपियस म्हणतो की जगात यांच्याइतकी चैनी जमात पाहिली नाही, रोज हमामात जाणार, जेवायला जमीन-समुद्रातलं जे जे उत्तम ते, अंगावर रेशीम आणि सोनं, नाटकं, घोड्यांच्या शर्यती, शिकार आणि बागेतल्या पार्ट्या 😄 रानटी म्हणे.

बखरबाज:

हा हा, आणि हे प्रोकोपियसला जवळून माहीत होतं कारण तो पूर्वेच्या रोमन साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस याचा सचिव म्हणून ५३३ च्या मोहिमेत स्वतः होता. सप्टेंबर ५३३ मध्ये पूर्वेचं सैन्य कार्थेजमध्ये शिरलं, डिसेंबरात दुसरी लढाई, आणि वर्षभरात राज्य खलास. शेवटचा राजा गेलिमर डोंगरात मूर (म्हणजे तिथल्या मूळच्या बर्बर) लोकांकडे लपला, वेढा घालून बसलेल्या सेनापतीला त्याने निरोप पाठवला की एक पाव दे, डोळा सुजलाय त्याला लावायला स्पंज दे, आणि एक वीणा दे, स्वतःच्या दुर्दशेवर गाणं रचलंय ते म्हणायचंय.

पण नकाशेवाले, तुमच्या मुद्द्यावर येतो, तो खरा मोलाचा आहे. तोच प्रोकोपियस दुसऱ्या ठिकाणी सांगतो की प्रांत परत मिळाल्यावर पूर्वेचा सम्राट जस्टिनियन याने ट्रायफॉन आणि युस्ट्रेशियस असे दोन अधिकारी कर ठरवायला पाठवले, कारण रोमन काळची करनोंद कुठे मिळेचना, गायसेरिकने सुरुवातीलाच सगळी उलथून नष्ट केली होती म्हणे. आणि या दोघांनी जो कर बसवला तो आफ्रिकेतल्या लोकांना सोसवेना. आता एका पानावर म्हणायचं व्हँडलांनी कराने पिळून काढलं आणि दुसऱ्यावर म्हणायचं नोंदीच फाडल्या, यातलं किती खरं धरायचं? मला वाटतं राजधानीतलं मुख्य दप्तर गेलं असणार, गावपातळीवरचं चालू राहिलं, आणि एकूण वसुली रोमन काळापेक्षा कमीच होती, कारण व्हँडलांना मोठं पगारी सैन्य पोसायचं नव्हतं ना रोमला गहू धाडायचा होता. लोकांना "मुक्त" केलं सम्राटाने आणि पहिली भेट काय दिली तर करआकारणी.

टांगेवाला:

हे मात्र पटलं. सुटका करणारे आले की आधी पावतीपुस्तक बाहेर येतं.

उगाचएक:

इतकी चर्चा चाललीय पण मूळच्या लोकांबद्दल कोणी बोलेना. रोमन आले, व्हँडल आले, बायझंटाईन (म्हणजे पूर्वेचे रोमन) आले, अरब आले, सगळे बाहेरचे. बर्बर लोक काय नुसते बघत बसले होते का?

बखरबाज:

उगाचएक, नाव उगाच आहे तुमचं, प्रश्न जबरी आहे. व्हँडलांची सत्ता होती पूर्वेकडे. पश्चिमेकडच्या डोंगराळ मॉरेतानियात त्यांचा फारसा वचक नव्हता, तिथे मूर सरदारांची स्वतःची राज्यं उभी राहिली. अल्तावा म्हणून गाव आहे, आजच्या अल्जीरियात त्लेमसेनजवळ, तिथला ५०८ सालचा शिलालेख बघा. मासुना नावाचा राजा, आणि पदवी काय लावलीय तर "मूर जमातींचा आणि रोमनांचा राजा". किल्ला बांधल्याची नोंद आहे, बांधणारे अधिकारी तीन, मासगिविन, ईदेर आणि मॅक्सिमस, दोन नावं चक्क बर्बर आणि एक रोमन, पण हुद्दे तिघांचेही रोमन पद्धतीचे. भाषा लॅटिन. आणि वर्ष लिहिलंय ४६९! म्हणजे मॉरेतानिया प्रांत स्थापन झाला तेव्हापासूनची गणती. प्रांत चालवणारं साम्राज्य तिथून निघून गेलं तरी प्रांताचा शक चालूच, बर्बर राजाच्या राज्यात. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातला सगळ्यात बोलका दगड हाच. याच मूर लोकांनी पुढे बायझंटाईनांना वर्षानुवर्षं दमवलं, टिमगाडसारखं शहर त्यांनीच उजाड केलं होतं.

नकाशेवाला:

बाकी प्रांतांचा थोडक्यात आढावा, कारण नाहीतर लोक समजतील सगळीकडे आफ्रिकाच झालं. इटलीत थिओडोरिक (४९३-५२६), सिनेट चालू, रोमन अधिकारी चालू, कॅसिओडोरससारखा माणूस राजाची पत्रं अस्सल रोमन थाटात लिहून देतोय. स्पेन-दक्षिण गॉलमध्ये व्हिसिगॉथ, दुसऱ्या अलारिकने ५०६ मध्ये रोमन प्रजेसाठी रोमन कायद्याचंच संक्षिप्त पुस्तक काढलं, पुढच्याच वर्षी फ्रँकांनी त्याला लढाईत मारलं. व्हिसिगॉथांनी ५८९ ला टोलेडोत कॅथलिक पंथ घेतला आणि ६५४ मध्ये गॉथ-रोमन सगळ्यांना एकच कायदा केला. आणि दुसरं टोक म्हणजे ब्रिटन. तिथे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सैन्याचा पगार थांबला, नवी नाणी यायची थांबली, आणि एकदोन पिढ्यांत चाकावरची भांडी सुद्धा दिसेनाशी. दप्तर तिथे कुणीच ताब्यात घेतलं नाही, ते नुसतं संपलं. त्यामुळे "अंधार पडला" म्हणणाऱ्यांना ब्रिटनपुरते मार्क द्यावे लागतील.

शेवंती:

आणि इजिप्त?

बखरबाज:

इजिप्त म्हणजे दप्तराचं माहेरघर. अरबांनी ६३९ ते ६४२ मध्ये घेतलं. आणि ६४३ चा एक पपायरस आहे, व्हिएन्नात ठेवलाय, त्यात अब्दुल्ला नावाच्या अरब सेनाधिकाऱ्याने हेराक्लिओपोलिसच्या अधिकाऱ्यांना, ख्रिस्तोफोरोस आणि थिओडोराकिओस यांना, लिहून दिलंय की तुमच्याकडून ६५ मेंढ्या मिळाल्या. नुसत्या हिसकावून नाही नेल्या, पावती दिली! वर ग्रीक, खाली अरबी, हिजरी सन २२, आणि त्या मेंढ्या कराच्या रकमेत वळत्या करायच्या. जिंकून जेमतेम वर्ष झालेलं. कारकून तेच, कर तोच. ग्रीक भाषा कचेऱ्यांतून हटायला आठवं शतक उजाडलं. फक्त गहू आता कॉन्स्टँटिनोपलला न जाता मदिनेकडे, आणि तोच फरक निर्णायक.

कोकणी_खलाशी:

अवांतर, पण इजिप्तचा विषय निघाला म्हणून. याच प्रांताच्या बंदरांतून निघालेली जहाजं आपल्याकडे भडोच, सोपारा, कल्याणला यायची. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याणचा उल्लेख आहेच, पण सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस हाही कल्याणबद्दल लिहितो, तिथे पर्शियातून नेमलेला ख्रिश्चन बिशप आहे म्हणून. म्हणजे पश्चिमेत रोम बुडून वर्षं झाली तरी इकडची ओळख तुटली नव्हती, फक्त मधल्या मध्ये पर्शियन लोकांचं वजन वाढलं होतं.

बखरबाज:

खलाशी, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे कल्याण आलं की दोनशे प्रतिसाद कल्याणवरच होतील.

चहाबिस्किट:

शेवटचं विचारतो, व्हँडल गेले कुठे? एवढी ऐंशी हजारांची जमात हवेत विरली का?

बखरबाज:

गेलिमरला कॉन्स्टँटिनोपलच्या मिरवणुकीत फिरवून मग गलेशियात जमीन दिली, मानाची पदवी मात्र नाही, कारण गडी एरियन मत सोडायला तयार झाला नाही. धडधाकट सैनिकांच्या पाच घोडदळ तुकड्या करून पर्शियाच्या सरहद्दीवर धाडल्या, त्यातले चारशेएक जण लेस्बॉस बेटाजवळ खलाशांवर दमदाटी करून जहाजं वळवून परत आफ्रिकेत आले. आणि बायका राहिल्या कार्थेजमध्येच. त्यांनी बेलिसारियसच्या सैनिकांशी लग्नं केली आणि नवऱ्यांच्या कानाशी लागल्या की या जमिनी तर आमच्या, व्हँडलांची बायको असताना आमच्याकडे होत्या, आता विजेत्याची बायको झाल्यावर सरकारजमा का? सरकारला तर त्या जमिनी खजिन्यात हव्या होत्या. ५३६ च्या ईस्टरला सैन्यात बंड झालं, स्टोट्झास नावाचा शिपाई त्याचा पुढारी, आणि ते निस्तरायला बेलिसारियसला सिसिलीहून धावत यावं लागलं. व्हँडल राज्य जिंकायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ तो सातबारा मिटवण्यात गेला.

थेम्सकाठची:

सातबारा 😂 आणि अरब आले तेव्हा आफ्रिकेत काय झालं ते राहिलंच की. ६९८ ला कार्थेज कायमचं गेलं ना?

बखरबाज:

हो, राजधानी आत कैरवानला गेली, ते शहर ६७० ला वसवलेलं, आणि तिथल्या मोठ्या मशिदीत जुन्या रोमन इमारतींचे खांब रांगेने उभे आहेत. पण मला त्याहून आवडतात ती सुरुवातीची सोन्याची नाणी, अरब सुभेदार मूसा इब्न नुसैरच्या काळातली. त्यावर इस्लामचाच मजकूर आहे, एका देवाशिवाय दुसरा देव नाही, त्याला कुणी भागीदार नाही, पण लिहिलाय लॅटिनमध्ये. आणि वर्ष घातलंय ते रोमन करआकारणीच्या पंधरा वर्षांच्या चक्रातलं.